विश्लेषण : पूलची एक काठी लाखो रुपयांना का विकली जाते?

मार्टिन स्कोर्सेसी यांच्या १९८६ मधील ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात पॉल न्यूमन यांनी साकारलेला मुरलेला खेळाडू आपल्या तरुण शिष्याला, म्हणजे टॉम क्रूझला, पूल खेळण्याची एक काठी भेट देतो. ती ‘बालाबुश्का’ आहे, एवढे कळणे त्या प्रसंगात पुरेसे ठरते. प्रत्यक्षात चित्रीकरणात वापरलेली काठी बालाबुश्का नव्हतीच. अस्सल काठीला धक्का लागण्याचा धोका नको म्हणून ‘जॉस’ या अमेरिकी कंपनीची, बालाबुश्कासारखी दिसणारी काठी घेतली गेली. पडद्यावर हा फरक प्रेक्षकांना कळला नाही. संग्राहकांच्या बाजारात मात्र या दोन काठ्यांच्या किमतींत प्रचंड अंतर आहे. दिसायला सारख्या असलेल्या दोन लाकडी काठ्यांपैकी एकीला साध्या वस्तूची आणि दुसरीला दागिन्याची किंमत का मिळते, हे समजून घेण्यासारखे आहे.

बालाबुश्का कोण होते?

पूल हा बिलियर्ड्सच्या कुळातला खेळ. सहा खिशांच्या टेबलावर तो खेळला जातो आणि चेंडूला टोला देण्याच्या काठीला ‘क्यू’ म्हणतात. जॉर्ज बालाबुश्का यांचा जन्म १९१२ मध्ये रशियात झाला. १९२४ मध्ये ते कुटुंबासह अमेरिकेत आले. सुतारकाम, लाकडी खेळणी, फर्निचर अशी कामे करत त्यांनी उमेदवारी केली. पूलचा नाद होताच. १९५९ मध्ये त्यांनी एका भागीदारासोबत पूल खेळण्याचे सभागृह विकत घेतले आणि मित्रांना भेट देण्यासाठी क्यू बनवायला सुरुवात केली. भेट मिळालेल्यांच्या हातातली क्यू पाहून इतरांनी पैसे देऊन मागणी केली आणि छंदाचा धंदा झाला.

१९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे क्यू बनवण्याची त्यांची कारकीर्द जेमतेम १६ वर्षांची. या काळात त्यांच्या हातून सुमारे १,००० ते १,२०० क्यू तयार झाल्या, असा अंदाज आहे. क्यू कारागिरांमधले ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ अशी त्यांची ओळख आजही सांगितली जाते. इटलीतील स्ट्रॅडिव्हेरी यांच्या व्हायोलिनला जे स्थान आहे, ते या क्यूंना आहे, असा त्याचा अर्थ. त्यांच्या आधी शिकागोचे हर्मन रॅम्बो यांनी विली हॉप आणि विली मॉस्कोनी यांसारख्या दिग्गजांसाठी क्यू बनवल्या होत्या. बालाबुश्का यांच्या बरोबरीने आणि त्यांच्यानंतर पेनसिल्व्हेनियाचे गस झाम्बोटी यांचे नाव घेतले जाते. संग्राहकांच्या यादीत ही नावे कायम वरच्या स्थानी असतात.

हातची क्यू आणि कारखान्यातली क्यू यांत फरक काय?

पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस, म्हणजे अर्धा किलोच्या आसपास वजनाची असते. खेळाडूची स्वतःची क्यू बहुधा दोन तुकड्यांची असते. पुढच्या निमुळत्या भागाला ‘शाफ्ट’ आणि मागच्या जाड भागाला ‘बट’ म्हणतात. मधल्या जोडावर पेच असतो. शाफ्टच्या टोकाला कातड्याची ‘टिप’ असते. बटावर हात धरायच्या जागी अनेकदा आयरिश लिननचा दोरा घट्ट गुंडाळलेला असतो.

शाफ्टसाठी उत्तर अमेरिकेतील हार्ड मेपल हे लाकूड पिढ्यानपिढ्या वापरले जाते. थंड प्रदेशात झाड सावकाश वाढते, त्यामुळे त्याच्या वार्षिक वलयांमधले अंतर कमी राहते आणि लाकूड घट्ट होते. पण खरा प्रश्न लाकूड कापल्यानंतर सुरू होतो. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. शिवाय प्रत्येक वेळी त्याचा थर उतरवला, की आतला ताण मोकळा होऊन ते वाकू शकते. १३ मिलिमीटर जाडीच्या लांब काठीला किंचित बाक आला, तरी ती खेळायला निरुपयोगी ठरते.

यावर कारागिरांकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे वाट पाहणे. चौकोनी तुकडा लेथवर गोल केला जातो, मग टांगून ठेवला जातो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अगदी पातळ थर उतरवला जातो आणि तुकडा पुन्हा टांगला जातो. अशा अनेक फेऱ्या होतात आणि हे काम वर्षानुवर्षेही चालते. प्रत्येक फेरीत जो तुकडा वाकेल तो बाद होतो. शेवटी जो सरळ उरतो त्याचीच शाफ्ट होते. कारखान्यालाही हे तंत्र ठाऊक असते, पण लाकूड इतका काळ अडवून ठेवणे आणि त्यातले बरेच फेकून देणे मोठ्या उत्पादनाला परवडत नाही. हातच्या क्यूच्या किमतीत या प्रतीक्षेचा आणि फेकलेल्या लाकडाचा खर्च असतो.

बटावरच्या टोकदार नक्षीला एवढे महत्त्व का?

जुन्या पद्धतीच्या क्यूवर मुठीकडून वर निघालेली, भाल्याच्या पात्यासारखी चार टोके दिसतात. त्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. ती रंगवलेली नसतात. मेपलच्या दांड्याला चार बाजूंनी ‘व्ही’ आकाराच्या खाचा पाडून त्यात आबनूस किंवा रोजवुडच्या पाचरी बसवतात. पाचरीच्या कडेला हिरवे, केशरी, काळे, पांढरे असे लाकडाचे पातळ रंगीत पापुद्रे चिकटवलेले असतात. दुसऱ्या पद्धतीत मेपल आणि गडद लाकूड हाताची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशी पूर्ण लांबीत गुंतवली जातात. मूळ हेतू व्यवहाराचा होता. जड लाकडाने मागे वजन मिळते आणि जोड मजबूत होतो. शोभा त्यातूनच आली.

कसोटी यानंतरची आहे. चौकोनी दांडा लेथवर गोल आणि निमुळता होत जातो, तशी पाचरींची टोके आकार घेतात. खाच केसभर जास्त खोल गेली असेल किंवा दांडा केंद्रापासून किंचित सरकला असेल, तर एक टोक उंच आणि दुसरे बुटके दिसते. ही चूक नंतर झाकता येत नाही. त्यामुळे जाणकार क्यू हातात घेतो आणि आधी ती गोल फिरवून चारही टोके एका रेषेत आहेत का, हे पाहतो.

जडावकामातही अशीच खूण आहे. यंत्राचे फिरते पाते गोल असल्याने खाचेचा आतला कोपरा थोडा गोलसर राहतो. शिंपल्याच्या किंवा चांदीच्या तुकड्याचा कोपरा तंतोतंत टोकदार बसला असेल, तर तिथे बारीक पात्याने हाताने काम झाल्याची शक्यता मोठी असते.

येथे एक गंमत आहे. बालाबुश्का यांनी सगळ्या पाचरी स्वतः बनवल्या नाहीत. सुरुवातीला त्यांनी ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ या अखंड क्यू कापून त्यांचे दांडे वापरले. पुढे शिकागोचे बर्टन स्पेन आणि नंतर गस झाम्बोटी यांच्याकडून पाचरी बसवलेले तयार दांडे घेतले. तरीही क्यू बालाबुश्काचीच म्हणून ओळखली जाते. कारण वजनाचा तोल, निमुळतेपण, जोड, शाफ्ट आणि शेवटचा हात त्यांचा होता.

महागड्या क्यूने खेळ सुधारतो का?

याचे सरळ उत्तर, फारसा नाही. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श साधारण एक सहस्रांश सेकंद टिकतो. टोल्याची जाणीव खेळाडूच्या मेंदूपर्यंत पोहोचते, तोवर चेंडू निघून गेलेला असतो. ‘या क्यूचा टोला किती गोड लागतो’ असे खेळाडू म्हणतात, ते खोटे नसते. त्या कंपनांतून त्यांना आपला टोला कसा बसला हे कळते आणि पुढच्या टोल्यासाठी विश्वास मिळतो. मात्र झालेल्या टोल्यावर त्याचा परिणाम होत नाही.

चेंडूच्या मध्याऐवजी उजवीकडे टोला दिला, तर चेंडू क्यूच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे सरकतो. या सरकण्याला ‘डिफ्लेक्शन’ म्हणतात. ते किती होईल, हे मुख्यतः शाफ्टच्या टोकाकडच्या काही इंचांच्या वजनावर ठरते. कारण एवढ्या अल्प स्पर्शात आडवा धक्का तेवढ्याच भागापर्यंत पोहोचतो. बटावरचे आबनूस, शिंपले आणि पाचरी त्यात भागच घेत नाहीत. म्हणजे क्यूची बहुतेक किंमत ज्या भागात असते, तो भाग चेंडूच्या दिशेबाबत गप्प असतो.

अमेरिकेतील ‘प्रिडेटर’ कंपनीने १९९४ पासून हेच सूत्र पकडले. लाकडाच्या १० फाका जोडून आणि टोकाकडचे वजन घटवून तिने कमी डिफ्लेक्शनची शाफ्ट बाजारात आणली. २०१६ मध्ये तिची कार्बन फायबरची शाफ्ट आली. ही शाफ्ट वाकत नाही आणि तिला मेपलसारखी वर्षानुवर्षे वाटही पाहावी लागत नाही. आज अनेक व्यावसायिक खेळाडूंच्या हातात अशा शाफ्ट दिसतात.

स्नूकरमधले उदाहरण याहून बोलके आहे. स्टीफन हेंड्री यांनी सातही जागतिक विजेतेपदे किशोरवयापासून जवळ असलेल्या एका साध्या, स्वस्त क्यूने मिळवली. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली. बाजारभावाने तिची किंमत फारशी नव्हती, पण त्यांच्यासाठी ती भरून न निघणारी हानी होती. खेळाडूला सवयीची क्यू लागते. संग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो, त्याचा हिशेब निराळा असतो.

मग पैसे नेमके कशाचे?

पहिले कारण संख्येचे. हयात नसलेल्या कारागिराच्या क्यू वाढू शकत नाहीत. आगीत, चोरीत, चुकीच्या दुरुस्तीत त्या कमीच होतात. हयात कारागिरांचीही मर्यादा असते. एकट्याने किंवा दोन-तीन मदतनीसांसह काम करणारा माणूस वर्षभरात फार थोड्या क्यू पूर्ण करू शकतो. लास वेगासमधील ‘साउथवेस्ट’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. संस्थापक जेरी फ्रँकलिन यांचे १९९६ मध्ये निधन झाले. त्यानंतरही काम चालू राहिले, पण घाई झाली नाही. तिथे नाव नोंदवून दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते, अशी ख्याती आहे. त्यामुळे जुनी साउथवेस्ट क्यू नव्या क्यूच्या मूळ किमतीपेक्षा महाग विकली जाते. घेणारा त्यात लाकडाबरोबर वाचलेल्या वर्षांचीही किंमत देतो.

दुसरे कारण नावाचे आणि इतिहासाचे. ‘द कलर ऑफ मनी’नंतर अमेरिकेत आणि जपानमध्ये पूलची लाट आली. खेळाबाहेरच्या लोकांनाही बालाबुश्का हे नाव ठाऊक झाले. १९९० च्या दशकात क्यूंचे संदर्भग्रंथ आणि किमतींची मार्गदर्शके छापली गेली, अमेरिकेत क्यू कारागिरांची संघटना उभी राहिली. तिने आपल्या सन्मान यादीत पहिले स्थान बालाबुश्का यांना दिले. कागदावर नोंद झाली, की छंदाचा बाजार होतो.

स्ट्रॅडिव्हेरियसची उपमा येथे दुसऱ्या अर्थानेही लागू पडते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निष्णात वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली होती. जुने वाद्य कोणते, हे त्यांना खात्रीने सांगता आले नाही. त्याने जुन्या व्हायोलिनांचे मोल संपले नाही. कारण ते आवाजाबरोबर कारागिराच्या हाताला आणि वाद्याच्या प्रवासालाही दिले जाते.

हस्तिदंत आणि शिसवाचा पेच काय?

जुन्या महागड्या क्यूंमध्ये हस्तिदंत सर्रास असे. शाफ्टच्या टोकाची टोपी, जोडावरचे कडे, बटावरची नक्षी यांत तो वापरला जाई. दुर्मीळ वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार, म्हणजे ‘साइट्स’नुसार, १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तींच्या हस्तिदंताच्या व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये, तर कॅलिफोर्नियाने २०१६ पासून राज्यांतर्गत विक्रीवर कडक निर्बंध आणले. २०१६ मध्येच अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी हस्तिदंताचा व्यापार जवळपास बंद केला. जुन्या वस्तूंना काही सवलती आहेत, पण त्या सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. त्यामुळे वारसाने मिळालेली मौल्यवान क्यू एका राज्यात विकता येते आणि शेजारच्या राज्यात विकणे गुन्हा ठरू शकते.

भारतातील नियम आणखी स्पष्ट आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी देशी हत्तींच्या आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापाराला मनाई केली. परदेशातून हस्तिदंती नक्षीची क्यू मागवणाऱ्याची रक्कम तर जाऊ शकतेच, शिवाय कायदेशीर कारवाईलाही तोंड द्यावे लागू शकते.

लाकडाचीही तीच कथा आहे. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून ‘साइट्स’च्या सर्वांत कडक यादीत आहे. जुन्या क्यूंमध्ये ते दिसते. त्याऐवजी वापरले जाणारे भारतीय रोजवुड म्हणजे आपल्याकडचे शिसव. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांमधले शिसवी पलंग आणि कपाटे याच लाकडाची. २०१७ पासून या संपूर्ण वृक्षकुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे बंधन आले. चांगले लाकूड जितके दुर्मीळ, तितकी ते आधीच साठवून ठेवलेल्या कारागिराची क्यू महाग.

खरी-खोटी कशी ओळखतात?

जिथे नावाला किंमत येते, तिथे नक्कल येतेच. बालाबुश्का हे नाव परवाना घेऊन पुढे कारखान्यात बनलेल्या क्यूंवरही आले. त्या बेकायदा नाहीत, पण ‘अस्सल बालाबुश्का’ म्हणून विकल्या गेल्या तर ती फसवणूक ठरते. याशिवाय जुन्या ‘टायटलिस्ट’ दांड्यापासून नवी क्यू बनवून तिच्यावर मोठे नाव चिकटवण्याचे प्रकारही होऊ शकतात. लाकूड खरोखर जुने असल्याने अशी नक्कल पकडणे अवघड जाते.

म्हणून जाणकार सहीवर विसंबत नाहीत. जोडावरचा पेच आणि त्याचे आटे, कड्यांची रचना, पापुद्र्यांच्या रंगांचा क्रम, निमुळतेपणाची मापे, बटाच्या तळाची टोपी, या सगळ्यांची त्या कारागिराच्या त्या काळातील इतर क्यूंशी तुलना केली जाते. क्यू कोणाकडून कोणाकडे गेली, याचा कागदोपत्री माग महत्त्वाचा ठरतो. मूळ शाफ्ट सोबत आहेत का, हेही पाहिले जाते. कारण शाफ्ट वापराने झिजते, घासली जाते आणि बदलली जाते. दोन्ही मूळ शाफ्ट शाबूत असलेली क्यू तशीच पण शाफ्ट बदललेल्या क्यूहून बरीच महाग असते. चकाकी आणण्यासाठी नवा लेप दिला, तर किंमत वाढण्याऐवजी घटू शकते.

पुढे काय?

संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी नक्षीचे काम सोपे केले आहे. जे जडावकाम करायला पूर्वी आठवडे लागत, ते आता काही तासांत होते. कार्बन फायबरने शाफ्टसाठी लाकूड मुरवण्याची गरजही कमी केली. परिणामी आज अनेक हातच्या क्यूंचे बट कारागिराचे आणि शाफ्ट कंपनीची, अशी जोडी दिसते. खेळाच्या दृष्टीने ती सोयीची आहे. पण शाफ्ट बनवायला शिकणे हाच या धंद्यातला सर्वांत लांबचा, संयमाचा धडा होता. तो वगळला गेला तर पुढच्या पिढीतले कारागीर तो कोणाकडून शिकणार, हा प्रश्न उरतो. गस झाम्बोटी १९८८ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे पुत्र बॅरी यांनी काम पुढे नेले. प्रत्येक कार्यशाळेला असा वारस मिळत नाही.

क्यू घेणाऱ्यांसाठी व्यवहार मात्र सोपा आहे. खेळ सुधारायचा असेल, तर सरळ क्यू, चांगली टिप आणि कमी डिफ्लेक्शनची शाफ्ट पुरेशी आहे. उरलेला पैसा सरावावर खर्च करावा. लाखो रुपयांची क्यू घ्यायची, तर आपण अधिक चांगला टोला विकत घेत नाही, हे आधी मान्य करावे लागते. तो पैसा वर्षानुवर्षे टांगून ठेवलेल्या लाकडाला, एका रेषेत आलेल्या चार टोकांना आणि ती जुळवणाऱ्या माणसाला दिलेला असतो. तो माणूस खरोखर तोच होता, याची खात्री करणे ही मग खरेदीदाराची जबाबदारी.